एक बटण बिघडलं, म्हणून अख्खा लॉकसेट?

प्रश्न : वकीलसाहेब, मी निपाणीचा. अडीच वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका शोरूममधून आठ लाखांची गाडी घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. हल्ली किल्लीचा रिमोट कधी चालतो, कधी नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, रिमोट वॉरंटीत बसत नाही, सुटी किल्ली मिळणार नाही, अख्खा लॉकसेट म्हणजे सगळी कुलपं-किल्ल्या घ्या, सव्वीस हजार होतील आणि जुनी किल्ली आमच्याकडे जमा करा. गाडीचं पासिंग कर्नाटकचं, केए-२३ चं आहे, म्हणून महाराष्ट्रात तक्रार चालणार नाही असंही एकानं सांगितलं. काय करू?

उत्तर : किल्ली महाग आहे, एवढ्या कारणावर ग्राहक आयोगात फारसं काही हाती लागत नाही. सुट्या भागाचा भाव कंपनीनं किती लावावा, हे आयोग ठरवत बसत नाही. तुमची बाजू भक्कम होते ती त्यांनी घातलेल्या अटीमुळे. एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घेतलीच पाहिजे, अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४१) प्रमाणे 'निर्बंधित व्यापार प्रथा' ठरते. किल्ली हरवली किंवा चोरीला गेली असती, तर सुरक्षेसाठी लॉक बदला म्हणण्यात तथ्य होतं. तुमची किल्ली तुमच्या खिशात आहे.

पण नोटीस काढायच्या आधी रिमोटचा सेल बदललात का? हसू नका. बऱ्याच किल्ल्यांत सीआर २०३२ हा बटणासारखा चपटा सेल असतो आणि तो घड्याळाच्या दुकानात मिळतो. नवा सेल घालूनही तेच चालू राहिलं, तर गाडीसोबत मिळालेली दुसरी किल्ली वापरून बघा. ती व्यवस्थित चालत असेल, तर गाडीतला रिसीव्हर ठीक आहे आणि दोष त्या एका रिमोटमध्येच आहे. बहुधा बटणाखालचा स्विच झिजलाय किंवा त्याचा टाका सुटलाय. मग दारांची कुलपं बदलायचं कारणच काय? सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) 'दुसरी किल्ली चालते' एवढी तीन शब्दांची नोंद करून घ्या. माझ्या दृष्टीनं ती सव्वीस हजारांची नोंद आहे. मात्र सेलच्या पुढं जाऊन बाहेर किल्ली खोलू नका. वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळेल.

आता मेल. डीलर आणि कंपनी, दोघांनाही एकाच मेलमध्ये तीन गोष्टी विचारा : वॉरंटी पुस्तिकेतल्या कोणत्या कलमानुसार रिमोट वगळलाय, सुटी किल्ली का मिळत नाही आणि मजुरी व जीएसटी वेगळे दाखवलेलं लेखी एस्टिमेट. काउंटरवर तोंडानं छातीठोक बोलणारी माणसं लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा मवाळ होतात. वॉरंटीचे सहाच महिने उरलेत, त्यामुळे तक्रार मुदतीत केल्याचा पुरावा म्हणूनही हा मेल लागेल.

जुनी किल्ली मात्र कुणालाही देऊ नका. हा मुद्दा लोक हमखास विसरतात. उद्या गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी मूळच्या दोन्ही किल्ल्या मागते. एकच दाखवता आली, की दुसरी कुठं गेली, गाडीलाच राहिली होती का, असा प्रश्नांचा ससेमिरा सुरू होतो. किल्ली जमा करणं खरोखरच भाग पडलं, तर तिच्या क्रमांकासह सहीशिक्क्याची पावती घ्या आणि ती पॉलिसीच्या फाइलीत ठेवा. पॉलिसी उघडालच, तर त्यात किल्ली बदलण्याचं जादा संरक्षण घेतलंय का तेही बघून घ्या. ते हरवलेल्या वा चोरीच्या किल्लीसाठी असतं, काही पॉलिसींत मोडतोडही येते. नुसत्या झिजेला सहसा पैसे मिळत नाहीत.

मेलला पंधरा दिवसांत धड उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि मोठ्या कंपन्या तिथल्या तक्रारीला बऱ्याचदा उत्तर देतात. तरीही नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पासिंगचा इथं काडीचाही संबंध नाही. कलम ३४ प्रमाणे विरुद्ध पक्ष जिथं व्यवसाय करतो तिथं, तक्रारीचं कारण जिथं घडलं तिथं किंवा तुम्ही स्वतः राहता तिथं तक्रार करता येते. म्हणजे कोल्हापूर आणि बेळगाव, दोन्ही दारं उघडी आहेत.

मी स्वतः बेळगावात वकिली करतो, तरी सांगतो : कोल्हापूरला जा. निपाणीहून ते जवळ पडतं, डीलर तिथलाच आहे आणि तक्रार, शपथपत्र सगळं मराठीत चालतं. बेळगावात कन्नड किंवा इंग्रजीत लिहा, मराठी कागदांची भाषांतरं जोडा, हा खर्च आणि खटाटोप वाचेल. आपल्या भागात भाषेचा असा फायदा क्वचितच पदरात पडतो, तो सोडू नका. गाडीची किंमत धरली तरी फी २०० रुपये. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. गाडी तुमच्या नावावर आहे की तुमच्या एखाद्या दुकानाच्या वा धंद्याच्या? दुकानाच्या नावावर असेल, तर 'व्यापारी वापर' आहे, तुम्ही ग्राहकच नाही, म्हणून समोरचा वकील पहिल्याच तारखेला हरकत घेईल. तसं असेल तर आरसीची प्रत पाठवा, मग तक्रारीचा मसुदा वेगळा करावा लागेल.