बाग वाळली, कडुनिंब गेले, पेव्हर ब्लॉक आले

प्रश्न : जुळे सोलापुरात आमची 56 फ्लॅटची सोसायटी आहे. प्लॉट 6,200 चौरस मीटरचा, बांधकाम परवानगी 2021 ची, ताबा जून 2023 मध्ये मिळाला. माहितीपत्रकात हिरवळ, कारंजे, दुतर्फा झाडे असे सगळे होते. भोगवटा प्रमाणपत्राच्या आधी बिल्डरने घाईने रोपे लावली, पहिल्याच उन्हाळ्यात ती जळाली. हिरवळ तर उगवलीच नाही. आता त्याने बागेच्या जागेतले दोन जुने कडुनिंब तोडून तिथे पेव्हर ब्लॉक टाकलेत आणि पुढच्या गाळेवाल्यांना ती जागा पार्किंग म्हणून विकतोय. म्हणतो, ‘पाणी तुम्ही घातलं नाही, आणि बदलाला तुम्ही करारात संमती दिली आहे.’ काय करावे? – सोसायटीचे सचिव

उत्तर : सचिवसाहेब, तुम्ही तीन तक्रारी एकत्र कालवल्यात आणि सुरुवात केलीत ती सर्वांत लंगड्या तक्रारीपासून. हिरवळ जरा बाजूला ठेवू. माहितीपत्रकात खोटे दाखवले म्हणून रेराच्या (घरखरेदीदारांचे हित जपणाऱ्या केंद्रीय कायद्याच्या) कलम 12 खाली भरपाई मागता येते, जरूर मागा. पण वाळलेल्या रोपांवर बिल्डर लगेच म्हणेल की ताबा तुमच्याकडे होता. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात रोपे का जळाली, यावर दोन्ही बाजूंनी वर्षभर वाद घालता येईल. फी माझी वाढेल, झाड एकही वाढणार नाही.

तुमचे खरे बळ जागेत आहे. राज्याची एकत्रीकृत विकास नियमावली, म्हणजे बांधकामाचे नियम, डिसेंबर 2020 पासून लागू आहे. प्लॉट 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठा असेल तर 10 टक्के जागा मनोरंजनासाठी खुली ठेवावीच लागते. तुमच्या प्लॉटवर ती साधारण 620 चौरस मीटर भरते. ही जागा म्हणजे बिल्डरने केलेली मेहेरबानी नाही. परवानगी मंजूर होताच ती रहिवाशांच्या संस्थेकडे निहित झाली, म्हणजे संस्थेची झाली, असे नियमावली मानते. संस्था तेव्हा नसेल तर ती झाल्यावर 1 रुपया नाममात्र किमतीत जागा देण्याचे हमीपत्र मालकाने द्यायचे असते. संस्थेशिवाय कोणालाही ती विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. मग गाळेवाल्यांनी पैसे भरून घेतले काय? कागदाचा तुकडा. उघडे पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच पांचाली सोसायटीच्या निकालात सांगितले आहे.

संमतीचे म्हणाल तर असे कलम जवळपास प्रत्येक छापील करारात असते, आणि सही करताना ते कोणी वाचत नाही. रेराचे कलम 14 मात्र स्पष्ट आहे : मंजूर आराखड्यात किंवा सामाईक जागेत बदल करायचा तर बिल्डर सोडून उरलेल्या किमान दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची आधी लेखी संमती हवी. 56 च्या 56 फ्लॅट विकले गेले असतील तर 38 सह्या. सरसकट, आगाऊ घेतलेली संमती चालत नाही, नेमका कोणता बदल आहे ते सांगून ती घ्यायला हवी, असे मुंबई उच्च न्यायालयाने मोफा या फ्लॅटविक्रीच्या जुन्या राज्य कायद्याखाली सांगितलेले आहे.

कडुनिंबांचे प्रकरण वेगळे आहे आणि ते वेगळ्याच दारात न्यायचे. झाड स्वतःच्या जागेत असले तरी शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही (1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा). या कायद्यात जाळणे आणि इजा करणे हेही तोडण्यातच मोडते. 2021 च्या दुरुस्तीनंतर परवानगी मिळाली तरी झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे तीस वर्षांचा एक कडुनिंब परवानगी घेऊन तोडला असता तरी तीस झाडे लावणे आले. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड ‘हेरिटेज’ ठरते. म्हणून बुंधे शिल्लक असतील तर वयाचा अंदाज येण्यासाठी आजच टेप लावून घेर मोजा, टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. बुंधे उपटून नेले असतील तर गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रह छायाचित्रे पाहा. दोन कडुनिंबांच्या फांद्यांचा पसारा वरूनही दिसतो.

आता क्रम. आधी माहितीच्या अधिकारात 10 रुपये भरून महापालिकेकडून मंजूर नकाशा, परवानगीतील अटी, भोगवटा प्रमाणपत्र आणि झाडे तोडण्याची परवानगी दिली असल्यास तिची प्रत मागा. वृक्षलागवडीची अनामत घेतली होती का, घेतली असल्यास परत दिली का, हेही विचारा. तीस दिवस जातील, तोवर वृक्ष अधिकाऱ्यांकडे तक्रार देऊन पोच घ्या. नकाशा हाती आला की सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि सोसायटीच्या नावाने महारेराकडे (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) तक्रार करा. फी 5,000 रुपये. त्यात पेव्हर ब्लॉक काढून जागा नकाशाप्रमाणे करून देणे, विक्रीला मनाई आणि अभिहस्तांतरण (जमीन व इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे करून देणे) या तीन मागण्या वर ठेवा. रोपे नव्याने लावून देण्याची मागणी शेवटी. सेवेतील त्रुटी म्हणून ती ताब्यापासून पाच वर्षांत, म्हणजे जून 2028 पर्यंत करता येते. रोपे ही ‘सेवा’ आहे का यावर बिल्डरचा वकील भांडेल, भांडू द्या.

गाळेवाल्यांनाही एक नोटीस पाठवा. पैसे बुडणार हे कळले की तेच बिल्डरच्या दारात जाऊन बसतील.

आणि तुमच्याकडचे तरुण रविवारी पहारी घेऊन ब्लॉक उखडायच्या तयारीत आहेत असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. त्यांना थांबवा. ते ब्लॉक सध्या तुमचा पुरावा आहेत.