चौकीला 12 माणसे, मग पटावर किती?

प्रश्न : मुलगा फौजेत आहे. दिवाळीला रजा मागितली की ‘माणसं कमी आहेत’ हेच ऐकायला मिळते. किती माणसे लागतील ते संगणकावर आधी काढता येत नाही का? (अपशिंगे मिलिटरी, जि. सातारा)

येते, पण नुसत्या भागाकारावर थांबले की फसगत होते. चौकीवर एका वेळी 4 जण, आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे रोज 12. जवानाची वार्षिक रजा 60 दिवस, नैमित्तिक 30. प्रशिक्षण आणि आजारपणाचे आपण 35 धरू. खरा आकडा युनिटच्या नोंदींतूनच घ्यावा. हाती उरले 240 दिवस. 12 × 365 ÷ 240 = 18.25, म्हणजे 19 माणसे. कागदावर जमले!

आता हीच 19 माणसे सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकली वर्षात, घाला. कोण कधी गैरहजर हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरू द्या आणि असे वर्ष हजार वेळा चालवा. तीन दिवसांतून जवळजवळ एक दिवस 12 भरत नाहीत. सरासरी हजेरीच जेमतेम साडेबारा. एखादा जास्त गेला की पाळी तुटली. शंभरातले 95 दिवस पाळी भरायची तर पटावर 24 हवेत.

तेही रजा वर्षभर विखुरल्या आहेत असे मानून. गणपती-दिवाळीला सगळ्यांचेच अर्ज एकदम येतात. म्हणून रजेची मागणी महिनावार द्यावी आणि एका वेळी किती जणांना सोडायचे तो नियम मॉडेलमध्येच घालावा. तो नियम घातला की नकार किती जणांना मिळतील तेही दिसते. अर्ज मंजूर करणे मात्र साहेबांच्याच हाती.

प्रश्न : सिमपाय (पायथन भाषेतले सिम्युलेशनचे साधन) वापरून तैनातीचे मॉडेल केले आहे. तुकडी लडाखला पोहोचली की लगेच ड्युटीवर धरतो. सर म्हणतात, चूक आहे. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

सरांचे बरोबर आहे. विरळ हवेची शरीराला सवय व्हावी लागते : 9,000 ते 12,000 फुटांवर 6 दिवस, 15,000 पर्यंत आणखी 4, त्याहून वर पुन्हा 4. एकूण 14 दिवस माणूस हजेरीपटावर असतो, पहाऱ्यावर नसतो. ही अवस्था ‘हजर’पासून वेगळी ठेवा. लांब रजेवरून परतणाऱ्यालाही सवयीचे दिवस द्या, नाहीतर नफरी (हाताशी असलेली माणसे) फुगलेली दिसेल. शिवाय माणसे सुटी येत नाहीत, ताफ्याने येतात. हिमवर्षावात घाट बंद झाला की अख्खा ताफाच अडकतो.

प्रश्न : अग्निवीरांचा हिशेब कसा मांडावा? (कराड)

उदाहरणादाखल वर्षाला 1,000 भरती धरा, मुदत 4 वर्षे, म्हणजे एका वेळी 4,000. मुदत संपणाऱ्या 1,000 पैकी कमाल 25 टक्के, म्हणजे वर्षाला 250 जण पुढे 15 वर्षे राहिले तर 3,750. मधली गळती सोडून एकूण 7,750. पण रिकाम्या पटापासून सुरुवात केली तर हा आकडा यायला 19 वर्षे लागतात. त्याआधीचे निकाल टंचाईचे पुरावे म्हणून दाखवू नका. मॉडेल आजच्या खऱ्या पटापासून, प्रत्येकाच्या झालेल्या सेवेसकट सुरू करा.