ऑस्ट्रेलियात जंगलात शिरण्याआधी बूट का घासायला लावतात?

मातीमुळे. पश्चिम ऑस्ट्रेलियात फायटॉफ्थोरा सिनॅमोमी नावाचा रोगजंतू मुळं कुजवतो. जॅरा, बँक्सिया ही तिथली झाडं उभ्या जागी वाळतात. तिकडे याला ‘डायबॅक’ म्हणतात. जॅरा का मरतोय याचं कोडं १९२०च्या दशकातलं, उत्तर सापडलं थेट १९६०च्या दशकात! बुटाच्या खाचेतली चिमूटभर ओली माती रोग पसरवायला पुरते. म्हणून स्थानिक स्वयंसेवक आधी ब्रशने चिखल खरवडतात, मग बुटांच्या तळांवर स्पिरिट फवारतात. कंटाळवाणं काम, पण खरा उपयोग त्याचाच. काही गट खोडाला भोक पाडून सिरिंजने फॉस्फाइट नावाचं रसायन टोचतात. त्याने जंतू मरत नाही, झाड तग धरतं; काही वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं. आपल्या कोकणात सुपारीवर येणाऱ्या कोळे रोगामागेही फायटॉफ्थोराच, फक्त जात वेगळी.