रीची माजाँगमध्ये जोडीला एवढं महत्त्व का?

रीची माजाँग हा सोंगट्यांचा जपानी खेळ. त्यात तीन-तीनचे (सलग अंकांच्या किंवा एकसारख्या सोंगट्यांचे) चार गट जमले की झालं, वर जोडी कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. जिंकणारा नेहमीचा हात, म्हणजे हातातल्या सोंगट्यांचा संच, असा: चार गट आणि दोन एकसारख्या सोंगट्या. या जोडीला जपानीत ‘आतामा’, म्हणजे डोकं म्हणतात.

नवे खेळाडू जोडी शेवटावर ढकलतात आणि तिथेच अडकतात. चारही गट तयार, हातात एकटी पूर्व वाऱ्याची सोंगटी उरली, तर (प्रत्येक सोंगटी चारच असल्याने) उरलेल्या फार तर ३ सोंगट्यांची वाट बघायची. तेच जोडी आधी जमलेली असेल आणि एकाच मालिकेतल्या ४ आणि ५ अंकांच्या सोंगट्या हातात असतील, तर ३ किंवा ६, म्हणजे ८ सोंगट्या चालतात! म्हणून हातातली एकुलती एक जोडी मी सहसा मोडत नाही. डोकं नसेलच, तर ३-४-५-६ अशी सलग चौकडी धरा. ३ किंवा ६ आला की जोडी होते.

जोडी कसली, हेही बघा. पिनफू (सगळे गट सलग असलेला, गुण देणारा हात) हवा असेल तर ड्रॅगनची (अंक नसलेल्या खास सोंगटीची), स्वतःच्या वाऱ्याची (आपल्या जागेच्या दिशेची) किंवा फेरीच्या वाऱ्याची (चालू फेरीच्या दिशेची) जोडी चालत नाही. चार गट आणि जोडी या रचनेला अपवाद चीतोइत्सू नावाच्या हाताचा: तिथे गट नाहीतच, सात वेगवेगळ्या जोड्या लागतात.