गडद रंगाच्या गाडीसाठी पॅड आणि कंपाउंड कसे निवडावे

आपली गडद निळी हॅचबॅक सहा वर्षांची आहे, उन्हात तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात आणि आपण १५ मिलिमीटर ऑर्बिटचे ड्युअल ॲक्शन मशीन (ज्याचे पॅड गोल फिरता फिरता झुलतेही) घेऊन ठेवले आहे. आता कोणते कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढणारा द्रव, सर्वांत चांगले, आणि आठ रंगांच्या स्पंजांचा स्वस्त संच चालेल का, असे आपण विचारले आहे. इंदूरमध्ये मी बरीच वर्षे घरच्या पोर्चमध्ये स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या गाड्या पॉलिश करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की प्रश्नाचा क्रम उलटा हवा: आधी पॅड, म्हणजे मशीनला लावायचा स्पंज किंवा लोकर, ठरवावे, बाटली नंतर. एकच कंपाउंड लोकरीच्या पॅडवर बॉनेट कापत, म्हणजे वरचा थर घासून काढत सुटते आणि मऊ फोमवर जेमतेम चमक देते.

पॅडच्या रंगावर मात्र अजिबात विसंबू नये, कारण रंगांचा सर्व कंपन्यांना समान असा कोणताही नियम नाही. लेक कंट्रीच्या साध्या फोम पॅडमध्ये पिवळा म्हणजे जोरदार कापणारा, तर रुपेसच्या पॅडमध्ये पिवळा म्हणजे बारीक कामाचा आणि कापणारा तो निळा. बाटलीवरच्या आकड्यांचेही तसेच आहे. मेंझर्नाचे ४०० हे भरड, २५०० मध्यम आणि ३८०० अगदी बारीक, ही चढण त्या एका कंपनीपुरतीच खरी. तिचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. स्वस्त संचात नेमकी हीच अडचण असते: आठ रंग असतात, पण कोणता फोम किती कापतो हे कोठेच लिहिलेले नसते. शिवाय मशीन तापले की मागच्या वेल्क्रोचा गोंद सुटतो आणि पॅड अंगणात भिरकावले जाते. त्या संचाबरोबर ड्रिलला लावायचा जो दांडा येतो, तो पेटीतच राहू द्यावा.

आपण नेमके काय घासून काढणार आहोत, हेही लक्षात असावे. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर क्लिअर कोटचा जो पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा असतो. गोल ओरखडे याच थरात असतात आणि ते घालवणे म्हणजे आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणे. जो ओरखडा नखाला अडतो, त्याच्या मागे लागू नये. त्याच्या कडा सौम्य करून सोडून द्यावा. जाडी मोजण्याचे साधे यंत्र रंगाच्या सगळ्या थरांची एकत्र जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चालतच नाही. तेव्हा कडा आणि उठावाच्या रेषा, जेथे थर मुळातच पातळ असतो, त्यांवर मास्किंग टेप लावून टाकणे उत्तम.

खरेदीचे म्हणाल तर ५ इंची बॅकिंग प्लेटसाठी (मशीनची तबकडी, जिच्यावर पॅड चिकटते) साडेपाच इंची मध्यम फोमचे तीन किंवा चार पॅड, बारीक फोमचे दोन आणि मायक्रोफायबरचे एक, एवढे घ्यावे. द्रवात एक मध्यम आणि एक बारीक पॉलिश, म्हणजे भरड कंपाउंडाहून सौम्य द्रव, पुरेसे आहे; भरड कंपाउंड आत्ता घेऊच नये. लोकर रोटरी, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या, मशीनवर चालवणाऱ्यांसाठी सोडावी, कारण ती मागे होलोग्राम, म्हणजे पॉलिशिंगच्या बारीक वलयाकार खुणा, ठेवते आणि गडद निळ्या रंगावर ते पथदिव्याखाली लगेच उठून दिसतात.

आता टेस्ट स्पॉट, म्हणजे सगळ्या गाडीआधी एका छोट्या भागावरची चाचणी. बॉनेटवर दीड फूट लांबी-रुंदीचा चौकोन टेपने आखावा, मध्यम फोमवर मध्यम पॉलिशचे वाटाण्याएवढे चार थेंब घ्यावेत, मंद गतीवर ते पसरावेत आणि मग आडवे-उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा येईल असे चार ते सहा फेरे सावकाश मारावेत. बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवावी. ती फिरताना दिसत नसेल तर पॅड फक्त थरथरते आहे, म्हणजे दाब जास्त आहे किंवा मशीन वाकडे धरले आहे. पुसून टॉर्चने पाहावे. ओरखडे उरले तर बाटली तीच ठेवून पॅड बदलावे, म्हणजे मायक्रोफायबर लावावे; त्यानेही भागले नाही तरच भरड कंपाउंडचा विचार करावा. मायक्रोफायबर मऊ क्लिअर कोटवर धुरकट छटा सोडते. ती बारीक फोम आणि बारीक पॉलिशने निघते. बंपर किंवा एखादे दार पूर्वी पुन्हा रंगवलेले असेल तर तेथे वेगळा टेस्ट स्पॉट घ्यावा, कारण गॅरेजमधला रंग कारखान्यातल्या रंगासारखा वागेलच असे नाही.

टॉर्चने पाहण्याआधी तो भाग पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझी पहिली गाडी एका गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिशला दिली होती आणि संध्याकाळी ती आरशासारखी मिळाली. तिसऱ्या धुण्यानंतर जुने ओरखडे जसेच्या तसे परत आले, वर होलोग्रामची भर! पॉलिशमधल्या तेलाने आणि भरणद्रव्याने ते फक्त झाकले गेले होते.

आपल्याकडच्या हवेचाही यात वाटा आहे. मे महिन्यात इंदूरला पारा चाळिशी ओलांडतो, पत्रा तापतो आणि पॉलिश पॅडखालीच वाळून पांढरी भुकटी उडू लागते. मग माणूस कंपाउंडला दोष देतो. सावलीत, सकाळी दहाच्या आत, तळहाताची मागची बाजू बॉनेटवर सुखाने टेकेल तेव्हाच काम करावे. माळव्याच्या थंड रात्री त्याहून सोयीच्या, फक्त पावसाळ्यात दिव्यावरचे किडे ओल्या पॉलिशवर येऊन चिकटतात. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पॉलिशच्या आधी निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने ते पुसून लगेच धुवावे, आणि क्ले बार (रुतलेली घाण उचलणारी मऊ मातीसारखी वडी) फिरवून माळव्याची चिकट धूळ काढावी. नाहीतर तीच धूळ पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे काढते.

तीन-चार पॅड का, तर प्रत्येक भागानंतर ब्रशने झाडले तरी फोम हळूहळू भिजतो, तापतो आणि मधून बसतो. अर्ध्या गाडीनंतर तोच पॅड आधीसारखा कापत नाही. काम झाल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता दाबून, वेल्क्रोची बाजू वर ठेवून वाळवावेत, म्हणजे पाणी गोंदाकडे साचत नाही.

आणि रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे इंदूरच्या रंग उधळणाऱ्या मिरवणुकीनंतर, गाडीवर बसलेला गुलाल कोरड्या फडक्याने झटकण्याची सवय घरात कोणाला असेल, तर ते फडके आधी लपवून ठेवावे. आपल्या बॉनेटवरचे निम्मे गोल ओरखडे त्याचेच असण्याची शक्यता आहे.