सीलच्या यकृतात पारा, मूत्रपिंडात कॅडमियम

प्रश्न : उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात कारखाने नाहीत, तरीही तिथल्या सील व देवमाशांच्या शरीरात पारा आणि कॅडमियम साठतात, असे मुलीच्या शालेय प्रकल्पासाठी वाचताना कळले. हे धातू तिथे पोहोचतात कसे आणि एवढा साठा बाळगून ते प्राणी जगतात कसे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही दोन्ही धातूंची नावे एका दमात घेतली आहेत, पण त्यांचे मार्ग वेगळे आहेत.

पारा मुख्यतः हवेतून जातो. कोळसा जाळताना आणि लहान खाणींत सोने वेगळे काढताना सुटलेली त्याची वाफ महिनोन्‌महिने हवेत टिकते, वाऱ्यांबरोबर ध्रुवाकडे सरकते आणि बर्फावर व पाण्यात उतरते. तिथे जिवाणू त्याचे मिथाइल पारा या अधिक घातक रूपात परिवर्तन करतात. हे रूप प्रथिनांना चिकटत असल्यामुळे प्लवकांतून माशांत, माशांतून सीलमध्ये आणि सीलमधून ध्रुवीय अस्वलात जाताना प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. मात्र याच कारणाने सीलच्या कातडीखालच्या जाड चरबीत तो फारसा सापडत नाही. आजच्या ध्रुवीय प्राण्यांतील सुमारे नऊ दशांश पारा मानवनिर्मित असावा, असा अंदाज जुन्या व नव्या काळातील केस, दात अशा नमुन्यांच्या तुलनेवरून काढण्यात आला आहे.

यकृतात मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. तिथे मिथाइल पारा हळूहळू मोडला जातो आणि सेलेनियमशी संयोग पावून त्याचे न विरघळणारे सूक्ष्म कण बनतात. म्हणून वयस्क सीलच्या यकृतातील एकूण पाऱ्याचा आकडा पाहून दचकायला होते, पण त्यातला मिथाइल पारा थोडाच असतो. मांसातला आकडा लहान असूनही तो जवळजवळ सगळा मिथाइल रूपातला असतो. हे संरक्षण अमर्याद नाही आणि मेंदूपर्यंत पोहोचलेला पारा ही खरी काळजीची बाब आहे.

कॅडमियम समुद्राच्या पाण्यात नैसर्गिकरीत्याही असते. ते कोळंबीसारखे दिसणारे इवलेसे कवचधारी जीव आणि माकुळ यांच्यामार्फत सीलच्या मूत्रपिंडात जाते, तिथे मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन त्याला बांधून ठेवते. वायव्य ग्रीनलँडच्या सीलमध्ये याचे प्रमाण पुष्कळ असूनही मूत्रपिंडांची उघड हानी आढळली नाही. अन्नसाखळीत पाऱ्यासारखे ते वर चढत नाही. मुख्यतः सीलची चरबी खाणाऱ्या अस्वलाच्या मूत्रपिंडात ते सीलपेक्षा कमी असते. (निपाणीकरांना हा धातू परका नाही : तंबाखूचे झाड मातीतील कॅडमियम पानांत ओढून घेते आणि म्हणूनच धूम्रपान करणाऱ्यांच्या मूत्रपिंडांत ते इतरांपेक्षा अधिक आढळते.)

माणसांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथले लोक हेच मांस आहारात घेतात. उत्तर अटलांटिकमधील फेरो बेटांवर पायलट देवमाशाचे मांस खाऊ नये, असा सल्ला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २००८ साली दिला.

मुलीने प्रकल्पात तक्ता केला, तर प्रत्येक आकड्यापुढे अवयव, प्राण्याचे वय आणि मोजणी ओल्या वजनावर आहे की कोरड्या, हे लिहायला सांगा. यकृतात सुमारे सत्तर टक्के पाणी असल्यामुळे कोरड्या वजनावरचा आकडा तिप्पट-चौपट दिसतो आणि निरनिराळ्या लेखांतले आकडे शेजारी मांडताना नेमकी तिथेच फसगत होते.