जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान कोणतं आणि तिथे अजून सामने होतात का?

हो भाऊ, होतात. इंग्लंडमधल्या शेफिल्डचं सँडीगेट. हॅलम हा छोटा, अर्धव्यावसायिक क्लब तिथे खेळतो. मैदान मुळात 1804 चं, तेही क्रिकेटचं. फुटबॉल आला 1860 मध्ये: 26 डिसेंबरला, ऐन थंडीत, शेफिल्ड क्लबने हॅलमला त्यांच्याच मैदानावर 2-0 ने हरवलं. दोन वेगळ्या क्लबांमधला हा जगातला पहिला सामना मानतात. 1867 मध्ये हॅलमने यूडन कप ही शेफिल्डमधली फुटबॉल स्पर्धा जिंकली. आपल्याकडे त्याच वर्षी भुसावळ-नागपूर रेल्वे सुरू झाली, म्हणजे काळ लक्षात घ्या. गंमत म्हणजे मैदान सपाट नाहीच, चांगलाच उतार आहे. त्यामुळे आपल्या जळगाव-भुसावळच्या पोरांनी ग्राउंड वाकडंतिकडं आहे म्हणून कुरकुर करू नये!